मतांचा हिशेब केंद्रावरच द्या : इटियाडोह धरणाच्या लाभक्षेत्रातून जाहीर इशारा

गोंदिया जिल्हा परिषदेच्या पुढच्या निवडणुकीची अधिसूचना ज्या दिवशी निघेल, त्या दिवसापर्यंत ही मुदत आहे. तोवर निवडणूक यंत्रणेने, राजकीय पक्षांनी आणि इच्छुक उमेदवारांनी खाली मांडलेल्या पाच मागण्यांवर आपली भूमिका लेखी सांगावी. ‘विचाराधीन आहे’, ‘वरिष्ठांना कळवले आहे’ ही उत्तरे आम्ही उत्तर म्हणून धरणार नाही.

हा इशारा कोणत्या एका पक्षाच्या वतीने नाही. सत्तेत बसलेल्यांना तो जितका लागू आहे तितकाच हरल्यावर बोंब ठोकणाऱ्यांना आहे. आणि नोट घेऊन बटण दाबणाऱ्या मतदारालाही आहे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या माणसाला निवडणुकीच्या गोंधळाबद्दल बोलायचा अधिकार कुठून आला, असे कोणी विचारू नये. 28 मे 2018 रोजी भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. नाना पटोले यांनी डिसेंबर 2017 मध्ये खासदारकी सोडल्यामुळे ती लागली होती. त्या दिवशी सकाळपासून केंद्रामागून केंद्रावर मताची चिठ्ठी दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रे बंद पडत गेली. लोक भर उन्हात ताटकळले, कित्येक जण मत न देता घरी परतले. यंत्रे उष्णतेमुळे बिघडली, असे कारण पुढे करण्यात आले. पूर्व विदर्भात मे महिन्यात ऊन तापते ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तारीख ठरवणाऱ्यांना ती ठाऊक नव्हती का?

पुढे 30 मे रोजी 49 केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. गोंदियाचे तेव्हाचे जिल्हाधिकारी अभिमन्यू काळे यांची बदली झाली आणि कादंबरी बलकवडे यांनी सूत्रे हाती घेतली. 31 मे रोजी निकाल लागला. राष्ट्रवादी काँग्रेसचे मधुकर कुकडे यांनी भाजपचे हेमंत पटले यांना सुमारे 48 हजार मतांनी हरवले. निकालाचा गुलाल उडाला आणि यंत्रांविषयीचा ओरडा बघता बघता ओसरला. जे रांगेतून परत गेले त्यांच्या मताचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. अधिकाऱ्याची बदली म्हणजे मतदाराला दिलेले उत्तर नव्हे.

फरक 48 हजारांचा होता म्हणून ते खपून गेले. पुढच्याच वर्षी, 2019 च्या विधानसभेत, अर्जुनी मोरगाव मतदारसंघात मनोहर चंद्रिकापुरे यांनी राजकुमार बडोले यांना हरवले ते 718 मतांनी. मतदारसंघातल्या सगळ्या केंद्रांवर हा फरक वाटून टाकला तर एका केंद्राच्या वाट्याला दोन-तीन मते येतात. एक यंत्र तासभर बंद राहिले तर त्याहून जास्त माणसे रांग सोडून जातात. शिवाय नक्षलग्रस्त भाग म्हणून आमच्या मतदारसंघात मतदान दुपारी 3 वाजता संपवले जाते. 2024 च्या विधानसभेनंतर संध्याकाळी 5 नंतर वाढलेल्या टक्केवारीवरून राज्यभर वादळ उठले, तेव्हा आमच्या केंद्रांचे दार दोन तास आधीच लागलेले होते. इथे सकाळचा गेलेला तास संध्याकाळी भरून निघत नाही.

जिल्हा परिषदेचे तर विचारूच नका. गोंदिया जिल्हा परिषदेचे मागचे मतदान ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे दोन तुकड्यांत झाले: 21 डिसेंबर 2021 आणि 18 जानेवारी 2022. मोजणी मात्र एकत्र, 19 जानेवारीला. पहिल्या टप्प्यातली मते 29 दिवस यंत्रात कोंडून पडली. त्यानंतर शहाणपण यावे, तर 2025 मध्ये नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचे मतदान 2 डिसेंबरला झाले आणि मोजणी 21 डिसेंबरवर गेली. त्या एकोणीस दिवसांत राज्यात ठिकठिकाणी कार्यकर्ते स्ट्राँगरूमबाहेर राखण करत बसले. ज्या लोकशाहीत मतपेटीची राखण पक्षाच्या कार्यकर्त्याला करावी लागते, तिथे विश्वास आधीच गेलेला असतो. त्यातच स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत व्हीव्हीपॅट वापरणार नाही, असे राज्य निवडणूक आयोगाने सांगून टाकले. म्हणजे लोकसभेला निदान सात सेकंद काचेआड चिठ्ठी दिसते, जिल्हा परिषदेला तीही नाही.

‘चालायचेच’ म्हणून हे सोडून देणाऱ्यांनी आफ्रिकेतल्या केनियाकडे पाहावे.

तिथे 27 डिसेंबर 2007 ला राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले. सत्तेत म्वाई किबाकी, समोर रायला ओडिंगा. मोजणीच्या सुरुवातीला ओडिंगा पुढे होते. 30 डिसेंबरच्या संध्याकाळी आयोगाने किबाकींना विजयी घोषित केले आणि तासाभरात, दिवेलागणीला, त्यांचा शपथविधी उरकून टाकला. निकाल जाहीर करणारे आयोगाचे अध्यक्ष सॅम्युएल किवुइटू पुढच्या दोन-तीन दिवसांतच पत्रकारांना म्हणाले की, किबाकी खरोखर जिंकले का, हे आपल्याला माहीत नाही. तोवर देश पेटला होता. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहणारी माणसे जमात विचारून एकमेकांवर कोयते चालवू लागली. 1 जानेवारी 2008 रोजी एल्डोरेटजवळच्या किआंबा गावी चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या बायकामुलांसकट ते चर्च जाळण्यात आले. अकराशेहून अधिक माणसे मेली, लाखोंना घरदार सोडावे लागले. कोफी अन्नान यांनी मध्यस्थी करून 28 फेब्रुवारी 2008 ला समेट घडवला. नंतर न्यायमूर्ती क्रीगलर यांच्या चौकशी आयोगाने सांगितले की, ती निवडणूक कोण जिंकले हे आता शोधून काढणे शक्यच नाही. एवढे रक्त सांडून ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते, ते कायमचे हरवले, कारण केंद्रांवरचा हिशेबच धड नव्हता.

दहा वर्षांनी, 8 ऑगस्ट 2017 ला, पुन्हा मतदान झाले. उहुरू केन्याटा सुमारे 14 लाख मतांनी जिंकल्याचे जाहीर झाले. ओडिंगा या वेळी न्यायालयात गेले. केंद्रावर भरलेले फॉर्म आणि राजधानीत पोचलेले आकडे यांचा मेळ आयोगाला नीट घालता आला नाही. सर्व्हर तपासायला देण्याचा न्यायालयाचा आदेशही त्याने पूर्णपणे पाळला नाही. 1 सप्टेंबर 2017 रोजी सरन्यायाधीश डेव्हिड मारागा यांच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन मतांनी निवडणूकच रद्द केली आणि 60 दिवसांत नव्याने घ्यायला लावली. फरक 14 लाखांचा आहे म्हणून न्यायालय गप्प बसले नाही. आकडा मोठा असला तरी तो कुठून आला हे सांगता आले पाहिजे, एवढीच त्याची अट होती. ओडिंगांनी त्यानंतरच्या 26 ऑक्टोबरच्या मतदानावर बहिष्कार टाकला. जेमतेम 39 टक्के मतदान झाले आणि केन्याटा 98 टक्के मते घेऊन पुन्हा गादीवर बसले. बहिष्काराने कोणाचे भले होते, हे आपल्याकडे बहिष्काराची भाषा करणाऱ्यांनी त्यावरून ओळखावे.

2022 ला मात्र केनियाच्या आयोगाने 46 हजारांवर केंद्रांचे निकालपत्र, त्यांच्या भाषेत ‘फॉर्म 34-ए’, संकेतस्थळावर सगळ्यांसाठी टाकले. कोणीही उघडावे, कोणीही बेरीज करावी. विल्यम रुटो 50.49 टक्के मतांनी जिंकले, ओडिंगा 48.85 टक्क्यांवर थांबले. आयोगाच्या सातपैकी चार सदस्यांनी निकालातून अंग काढून घेतले, तरीही सर्वोच्च न्यायालयाने 5 सप्टेंबरला एकमताने निकाल कायम ठेवला. 2007 सारखा वणवा पेटला नाही. हरणारा तोच, देश तोच. फरक असा की, या वेळी प्रत्येक केंद्राचा कागद लोकांच्या डोळ्यांसमोर होता.

मलावीत 2019 ला निकालपत्रांवर चक्क व्हाइटनर फिरवलेला सापडला. लोक महिनोन्‌महिने रस्त्यावर उतरले. 3 फेब्रुवारी 2020 रोजी पाच न्यायाधीशांनी, त्यातले काही बुलेटप्रूफ जाकीट घालून न्यायालयात आले होते, ती निवडणूक रद्द केली. 23 जून 2020 च्या फेरमतदानात लाझारस चक्वेरा राष्ट्राध्यक्ष झाले. आणि 2025 ला तेच चक्वेरा हरले तेव्हा अधिकृत निकाल जाहीर होण्याआधीच त्यांनी पराभव मान्य केला. गाम्बियात डिसेंबर 2016 ला लोकांनी उमेदवारांच्या रंगीत डब्यांत काचेच्या गोट्या टाकून मतदान केले आणि त्या गोट्या केंद्रावरच, सगळ्यांसमोर मोजल्या गेल्या. बावीस वर्षे सत्ता भोगलेल्या याह्या जामे यांनी आधी पराभव मानला, मग शब्द फिरवला. शेजारी देशांनी निर्वाणीची मुदत देऊन सीमेवर फौजा आणल्या, तेव्हा 21 जानेवारी 2017 ला ते देश सोडून गेले. गोट्यांनी केलेले मतदानही टिकले, कारण त्याची मोजणी लपलेली नव्हती.

आफ्रिकेला हसणाऱ्यांनी आधी इथल्या कागदांची खात्री करावी. आपल्याकडे कायदा आहे. लोकसभा-विधानसभेला मतदान संपताच केंद्राध्यक्षाने यंत्रात किती मते पडली याचा हिशेब फॉर्म 17-सी मध्ये लिहून, तिथे हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला त्याची सहीची प्रत द्यायची असते. इटियाडोहच्या कालव्यावर शेती करणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. धरणावरून किती पाणी सुटले आणि टेलच्या बांधीपर्यंत किती पोचले, हे दोन्हीकडे मोजले तरच मधे कोणी दार फोडले ते कळते. केंद्रावरचा आकडा आणि मोजणीच्या टेबलावरचा आकडा ही तीच दोन मापे आहेत. एक माप लपवले की दुसऱ्याला किंमत उरत नाही.

आणि नेमके तेच माप लपवण्याकडे कल वाढला आहे. निवडणूक संचालन नियमांतल्या नियम 93 मध्ये 20 डिसेंबर 2024 रोजी दुरुस्ती झाली आणि मतदान केंद्रांवरचे सीसीटीव्ही चित्रण सामान्य नागरिकाच्या हाती लागणे बंद झाले. 30 मे 2025 ला निवडणूक आयोगाने राज्यांना कळवले की, निकालाला न्यायालयात आव्हान दिले गेले नसेल तर हे चित्रण 45 दिवसांनी नष्ट करता येईल. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने 3 डिसेंबर 2024 ला, विधानसभेच्या मतांबद्दलचा संशय फिटावा म्हणून, मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचे ठरवले, तर गावात जमावबंदी लावून गुन्हे दाखल झाले. त्या गावाचा संशय खरा होता की खोटा, हा प्रश्न वेगळा. संशय फेडायला कागद दाखवायचा असतो. तिथे पोलीस पाठवण्यात आले.

म्हणून आमच्या मागण्या अशा.

एक. मतदान संपताच प्रत्येक केंद्रावरच्या एकूण मतांचा सहीशिक्क्याचा हिशेब केंद्राच्या दारावर लावा आणि त्याच रात्री केंद्रनिहाय संकेतस्थळावर टाका. नुसती टक्केवारी नको, मतांचा आकडा हवा. हा नियम जिल्हा परिषदेलाही लावा.

दोन. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला व्हीव्हीपॅट द्या. देता येत नसेल तर मतपत्रिका द्या. दोन्ही नाही, हे चालणार नाही.

तीन. मतदान आणि मोजणी यांत तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. न्यायालयीन कारणाने ते वाढलेच, तर स्ट्राँगरूमचे थेट चित्रण सर्व उमेदवारांना अखंड दिसले पाहिजे आणि केंद्रांवरचे चित्रण निदान एक वर्ष जपले पाहिजे.

चार. मतदार यादीचे वाचन ग्रामसभेत करा. नाव कोणाचे गेले, का गेले, कोणाच्या अर्जावरून गेले, हे गावासमोर सांगा. कामासाठी नागपूरला किंवा हैदराबादला गेलेला मुलगा गावातून कायमचा गेला असे परस्पर ठरवू नका आणि मेलेल्याला मत द्यायला बोलावू नका.

पाच. यंत्र बंद पडले तर अर्ध्या तासात दुसरे यंत्र आले पाहिजे. जेवढा वेळ वाया गेला तेवढा त्या केंद्राला वाढवून मिळाला पाहिजे. दुपारी 3 ला दार लावणाऱ्या मतदारसंघात तर हे हक्काचे आहे. आणि मे महिन्याच्या उन्हात चालणार नाही असे यंत्र आमच्याकडे पाठवू नका.

आता पक्षांना. मतदान प्रतिनिधी दुपारी जेवायला जातो तो परत येत नाही, 17-सी ची प्रत न घेताच घरी निघतो, आणि निकाल विरुद्ध गेला की नेते कॅमेऱ्यासमोर यंत्राला शिव्या देतात. हे सोंग आता पुरे. सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 च्या निकालात मतपत्रिकेची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत, खर्च भरून, पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याचा हक्क दिला. लोकसभा-विधानसभेच्या निवडणूक याचिकेला 45 दिवस आहेत. जो या मुदती झोपून काढतो आणि मग पाच वर्षे ‘चोरी झाली’ म्हणत फिरतो, त्याच्यावर आम्ही विश्वास ठेवणार नाही. जो जिंकल्यावर यंत्राला सोवळे मानतो आणि हरल्यावर ओवळे, त्याच्यावरही नाही.

या मातीला हरण्याची रीत माहीत आहे. 1952 ला उत्तर मुंबईत पराभव झाल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रीतसर निवडणूक याचिका केली. 1954 ला ते भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे राहिले, तेव्हा आजचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातच होता. इथल्या मतदारांनी राज्यघटनेच्या शिल्पकाराला हरवले. बाबासाहेबांनी त्यानंतर मताधिकारावरचा विश्वास सोडला नाही, की समर्थकांना पेटवले नाही. त्यांच्या तसबिरीला हार घालून प्रचाराचा नारळ फोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दूर जायला नको. इटियाडोहच्या परिसरात, प्रतापगड-गोठणगावकडे, 1972 पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथली माणसे स्वतःचा देश हातात नसतानाही आपल्या निर्वासित प्रशासनाचा प्रमुख, सिक्योंग, थेट मतदानाने निवडतात. 2021 ला पेन्पा त्सेरिंग साडेपाच हजारांहून कमी मतांच्या फरकाने निवडून आले. त्याच वर्षी त्यांच्या निर्वासित संसदेतले सदस्य शपथ कोणापुढे घ्यायची यावरून दुभंगले आणि संसद ऑक्टोबरपर्यंत अडून राहिली. घरे जळली नाहीत. बसून, भांडून, शेवटी तोडगा काढला. ज्यांच्याजवळ जमीन नाही, फौज नाही, त्यांना हे जमते. सगळे काही असून ते आपल्याला जमत नसेल, तर लाज आपल्याला वाटायला हवी.

आणि मतदारा, तुलाही सोडायचे नाही. रात्री पाकीट घेतोस आणि सकाळी यंत्रावर संशय घेतोस, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. विकलेल्या मताचा हिशेब मागता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले ‘बटण कुठलेही दाबा, मत तिकडेच’ असले व्हिडिओ खात्री न करता पुढे ढकलू नकोस. केनियात अफवा आधी पोचली आणि मागून आग आली. इथे पोवार, कुणबी, कोहळी, बौद्ध, गोंड, लोधी एकाच कालव्याचे पाणी घेतात. निकालाच्या रात्री कोणी जातीचे नाव घेऊन चिथावले, तर त्याला गावाने तिथेच अडवावे.

मुदत संपेपर्यंत लेखी उत्तर आले नाही, तर पुढे काय करायचे हे ठरलेले आहे. मतदानावर बहिष्कार टाकला जाणार नाही. उलट पुढच्या प्रत्येक ग्रामसभेत या पाच मागण्यांचा ठराव मांडला जाईल आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी व राज्य निवडणूक आयोगाकडे जाईल. प्रचाराला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला चौकात थांबवून पाचही मागण्यांवर उत्तर विचारले जाईल आणि त्याने काय सांगितले ते पंचायतीच्या फळ्यावर लिहिले जाईल. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर गावकरी रात्रीपर्यंत थांबतील आणि हिशेबाचा कागद दारावर लागल्याशिवाय हलणार नाहीत. शांतपणे थांबतील, पण थांबतील. कागद लागला नाही तर त्या केंद्राची तक्रार त्याच रात्री लेखी नोंदवली जाईल आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत नेले जाईल.

निवडणूक घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: जिंकणाऱ्याला निकालाचा पुरावा लागत नाही, तो आधीच गुलालात असतो. पुरावा हरणाऱ्याला द्यायचा असतो आणि तो मतमोजणीच्या दिवशी शोधून सापडत नाही. त्याची तयारी अधिसूचनेआधी करावी लागते. अर्जुनी मोरगावच्या प्रत्येक मतदाराने ही पाच कलमे आपल्या ग्रामपंचायतीकडे लेखी द्यावीत आणि पोच घ्यावी. पोच जपून ठेवा. ती लागणार आहे.